पाळण्याचा अधिकार

मनुष्य ज्या प्राण्यांस आपल्या घरीं ठेवतो त्यांचे, बारकाईनें पाहूं गेल्यास, दोन वर्ग पडतात. गाय, बैल, कुत्रा, मांजर हा पहिला वर्ग. यांचें व आपलें नातें हजारों वर्षांचें आहे. त्या सहवासांत त्यांचीं शरीरें बदललीं, स्वभाव बदलले, आणि कांहीं अंशीं आपलेही बदलले. बैलाकडून आपण काम घेतों तें न्याय्य कीं अन्याय्य, हा वाद करतां येईल. परंतु बैलानें कोठें राहावें हा वाद आतां उरलेला नाहीं. त्याचें घर म्हणजे गोठा. दुसऱ्या वर्गांत पिंजऱ्यांतले पक्षी आणि कांचेच्या हौदांतले मासे येतात. त्यांना आपली गरज कधींच नव्हती. आपण त्यांच्या रूपावर लुब्ध झालों, एवढ्या एकाच कारणास्तव ते आपल्या घरीं आले. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, एखादा जीव सुंदर आहे एवढ्यानें तो जवळ बाळगण्याचा अधिकार आपणांस पोहोंचतो काय?

पोपट व पिंजरा यांचें रूपक आतां इतकें झिजलें आहे कीं, तें ऐकून कोणाचेंही मन थबकत नाहीं. म्हणून आम्ही येथें एका लहानशा माशाचें उदाहरण घेतों. त्यांत या प्रश्नाच्या बऱ्याच बाजू, ज्या पिंजऱ्याच्या गजांआड दिसत नाहींत, त्या कांचेंतून स्वच्छ दिसतात.

ज्यास व्यापारांत 'ड्वार्फ एंजल' म्हणतात तो हा मासा. एंजल म्हणजे देवदूत. परंतु 'देवमासा' हें नांव मराठीनें पूर्वींच पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड जलचरास देऊन टाकलेलें असल्यामुळें, या चार बोटांच्या जीवास तें देण्याची सोय राहिली नाहीं. शास्त्रज्ञ या समूहास सेंट्रोपायजी म्हणतात. यांतील बहुतेक जाति १०-१२ सेंटिमीटरांहून मोठ्या होत नाहींत. निखाऱ्यासारख्या तांबड्या अंगावर काळे उभे पट्टे मिरविणारा 'फ्लेम एंजल' पॅसिफिक महासागरांतील बेटांभोंवतीं राहतो. जांभळ्या व नारिंगी रंगांची 'कोरल ब्यूटी' हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत आढळते. 'लेमनपील' नांवाप्रमाणेंच लिंबाच्या सालीचा रंग घेऊन येतो. प्रवाळांच्या कपारी हें त्यांचें गांव. दिवसभर दगडांवरील शेवाळ व बारीक कण टिपीत हिंडावें, आणि चाहूल लागतांच कपारींत शिरावें, असा त्यांचा जीवनक्रम असतो.

यांची कुटुंबव्यवस्था तर मोठी विलक्षण आहे. एका नराच्या हद्दींत कांहीं माद्या नांदतात. प्रत्येक मासा प्रथम मादीच असतो. नर मेला किंवा नाहींसा झाला म्हणजे माद्यांतील जी सर्वांत प्रबळ असेल ती कांहीं आठवड्यांत स्वतःच नर होते. सूर्यास्ताच्या सुमारास जोडपें खडकापासून थोडें वर चढतें व अंडीं पाण्यांत सोडून देतें. एक मिलिमीटरहूनही लहान असलेलीं हीं अंडीं प्रवाहाबरोबर वाहत जातात, सुमारें एका दिवसांत फुटतात, आणि आईबापांनीं पुन्हां कधींही न पाहिलेलीं हीं पिल्लें दूरच्या एखाद्या प्रवाळावर जाऊन वसतात. एवढ्याशा माशाच्या जीवनास किती मोठें अंगण लागतें, हें यावरून ध्यानांत यावें.

असा मासा घरीं ठेवावयाचा तर त्याच्यासाठीं समुद्रच घरीं आणावा लागतो. दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार, २४ ते २७ अंशांची स्थिर उष्णता, सतत वाहता प्रवाह आणि प्रवाळांस पुरेसा प्रखर प्रकाश, इतकें तरी हवेंच. कारण प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें, व तें प्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देतें. माशाच्या विष्ठेंतून निघणारा अमोनिया विषारी असतो. दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट यांत रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यापूर्वीं जो घाईनें मासा सोडतो, त्याच्या हौदांत मासा बहुधा मरतोच. या हौशीचा पहिला नियम म्हणजे कांहीं आठवडे रिकाम्या पाण्याकडे पाहत थांबणें. हा नियम आमच्या मतें नीतीचाही पहिला नियम मानण्यास हरकत नाहीं.

आतां समजा कीं, दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कुंभारी या गांवीं एखाद्या सुखवस्तु गृहस्थानें असा दोनशें लिटरांचा हौद मांडला. कुंभारीचें नांव आम्ही मुद्दाम घेतों. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव समुद्रापासून जवळजवळ तीनशें किलोमीटर दूर आहे. येथेंच विडी वळणाऱ्या स्त्रियांची, गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची, दहा हजार घरांची वसाहत २००६ सालीं उभी राहिली. पुढें येथेंच असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची योजना आखली गेली व त्यांतील पहिलीं पंधरा हजार घरें २०२४ च्या जानेवारींत लोकांच्या हवालीं झालीं. वैशाखांत या भागांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि नळास पाणी येण्याचे दिवस बोटांवर मोजण्याची संवय सोलापूरकरांस अनेक वर्षांची आहे. अशा ठिकाणीं पॅसिफिकचा एक तुकडा थंड ठेवून नांदवणें योग्य कीं अयोग्य?

पुष्कळ वाचक येथें लगेच म्हणतील कीं, जेथें माणसांस पाणी पुरत नाहीं तेथें माशांसाठीं पाणी खर्च करणें हें पापच. हा आक्षेप ऐकतांच पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो तपासून घेणें अवश्य आहे. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें, उन्हाळ्यांत रोज दोन-तीन लिटर वाफ होईल तितकें भरावें, आणि शुद्धीकरणाच्या यंत्रांतून एका लिटरमागें तीन लिटर वायां जातें असें धरावें. हिशेब केला तर दिवसाला २०-२५ लिटर, म्हणजे दीड बादली, इतकें पाणी लागतें. यंत्रानें टाकून दिलेलें पाणी भांडीं घासण्यास व झाडांस चालतें. नळीनें मोटार धुणारा गृहस्थ एका वेळेस याहून कितीतरी अधिक पाणी रस्त्यावर सोडतो, आणि त्यास कोणी पापी म्हणत नाहीं. तेव्हां पाण्याचा आक्षेप हिशेबांत टिकत नाहीं. विजेचा खर्च मात्र मोठा आहे. पाणी थंड ठेवणारें यंत्र उन्हाळ्यांत जवळजवळ अखंड चालतें. परंतु तोही, घर थंड करणाऱ्या यंत्रांस आपण जितकी क्षमा करतों तितक्याच क्षमेस पात्र ठरेल.

या आक्षेपाच्या मुळाशीं आणखी एक समजूत लपलेली असते, व ती आम्हांस अधिक चुकीची वाटते. ती म्हणजे, श्रमिकांच्या गांवांत सौंदर्य ही चैन होय. विडी वळून थकलेल्या स्त्रीनें दारांत तुळस लावली, भिंतीवर चित्र टांगलें, तर तेंही अनावश्यकच म्हणावें लागेल. गरिबीचा उपमर्द न करतां सौंदर्याचा उपभोग घेतां येतो. अट इतकीच कीं, दार बंद नसावें. कुंभारीच्या ज्या मुलानें समुद्र पाहिला नाहीं, त्यास जर या हौदासमोर उभें राहतां आलें, प्रवाळ हा दगड नसून जीव आहे हें त्याच्या डोळ्यांस दिसलें, तर त्या दीड बादलीचें चीज झालें असें आम्ही म्हणूं. १९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, त्याच्या मुळाशीं हीच कल्पना होती. सोलापुराच्या मध्यभागीं असलेला सिद्धेश्वराचा तलाव बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामांनीं लोकांकडून खणवून घेतला असें सांगतात. तेथेंही पाण्याची उपयुक्तता व पाण्याची शोभा यांची कोणी फारकत केली नव्हती.

शेजाऱ्याचें देणें अशा रीतीनें फेडतां येतें. समुद्राचें देणें फेडणें इतकें सोपें नाहीं.

फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं मत्स्यालयावर एक पुस्तक लिहिलें. त्याच्या लिहिण्यानें इंग्लंडांत घरोघर कांचेचे हौद मांडण्याची लाट आली. गॉस हा श्रद्धाळू व सृष्टीवर मनापासून प्रेम करणारा मनुष्य होता. समुद्रकिनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांतील वैभव लोकांनीं पाहावें एवढीच त्याची इच्छा. लोकांनीं तें पाहिलें, आणि टोपल्या भरभरून घरीं नेलें. पन्नास वर्षांनंतर, १९०७ सालीं, त्याच्या मुलानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवलें कीं, हौशी लोकांच्या झुंडींनीं तीं डबकीं लुटून उजाड केलीं, आणि आपल्या पित्यास याचें फार दुःख झालें. द्वेषानें कोणी त्या किनाऱ्यावर गेलें नव्हतें. जे गेले ते सर्व त्या सौंदर्यावर प्रेम करणारेच होते. ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. कारण प्रेम आहे म्हणून हानि होणार नाहीं, असा आपला एक भाबडा विश्वास असतो.

पुढें हानीचीं साधनें अधिक तीव्र झालीं. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतर मासे गुंगवून पकडण्यासाठीं कपारींत सायनाइडचें पाणी फवारण्याची रीत पडली. मासा अर्धमेला होऊन हातीं येतो. त्यांतून वांचला तरी पुष्कळदां विकत घेणाऱ्याच्या घरीं कांहीं दिवसांनीं मरतो. आणि ज्या प्रवाळावर तें विष पडतें तें तेथल्या तेथें मरतें. हवाई बेटांत तर २०१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, पर्यावरणाचा विचार झाल्याशिवाय व्यापारासाठीं मासे पकडण्याचे परवाने देतां येणार नाहींत, असा निर्णय दिला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळें मालवणच्या पाण्यांतून, किंवा विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर बुडालेल्या व कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अँग्रिया पठारावरून, प्रवाळाचा तुकडा तोडणें हा वाघाची शिकार करण्यासारखाच गुन्हा आहे. कायद्यानें घरास संरक्षण दिलें. त्या घरांत राहणारा लहान मासा मात्र त्या अनुसूचींत नाहीं. त्याचें रक्षण करणारा एकच कायदा, तो म्हणजे विकत घेणाराची सदसद्विवेकबुद्धि.

यावर एक आक्षेप आहे व तो हलका नाहीं. किरिबाटीसारख्या दूरच्या बेटांवरील कोळी फ्लेम एंजल जाळ्यानें पकडून पोट भरतात. मासे विकत घेणें उद्यां बंद झालें तर त्या कुटुंबांनीं काय करावें? उलट ज्या प्रवाळावर पोट अवलंबून आहे तें प्रवाळ मनुष्य जपतो, असेंही म्हणतां येईल. कुंभारींत बसून हा आक्षेप उडवून लावणें तर मुळींच शोभणार नाहीं. कारण तंबाखू अपायकारक आहे हें सर्वांस ठाऊक असूनही, विडीवर जगणाऱ्या हजारों घरांस दुसरें काम दिल्याशिवाय विडी बंद करा असें म्हणणें किती निर्दय होईल, हें तेथील प्रत्येकास कळतें. म्हणून समुद्रांतून पकडलेला प्रत्येक मासा चोरीचा, असें आम्ही म्हणत नाहीं. जाळ्यानें, मर्यादेंत, व परत भरून येईल इतकाच पकडलेला मासा आणि विषानें पकडलेला मासा यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. परंतु तें अंतर दुकानांतल्या कांचेंतून दिसत नाहीं, विचारावें लागतें. आणि ज्यास तें विचारण्याचा कंटाळा आहे त्यास मासा घेण्याचा अधिकार नाहीं.

आतां खुद्द माशाचें देणें. हौदांत त्यास शत्रु नाहीं, उपासमार नाहीं. नीट निगा राखल्यास तो अनेक वर्षें जगतो. तेव्हां त्याचें काय बिघडलें, असा प्रश्न हौशी मंडळी करतात. यास उत्तर देतांना माशास आपलें विरहदुःख चिकटविण्याचा मोह आम्ही टाळूं. त्यास कोरल समुद्राची आठवण होते कीं नाहीं, हें ठरविण्याचें साधन आपणांपाशीं नाहीं. परंतु त्याचें शरीर कशासाठीं घडलें आहे हें आपणांस पाहतां येतें. तें दिवसभर चरण्यासाठीं, हद्द राखण्यासाठीं, कपारींत लपण्यासाठीं, व सांजवेळीं जोडीदाराबरोबर वर चढण्यासाठीं घडलें आहे. ज्या हौदांत शेवाळ धरलेले दगड, लपण्याच्या जागा आणि पुरेसा विस्तार आहे, त्यांत यांतील बरेंचसें त्यास करतां येतें. जेथें चकचकीत कांच, चार दगड व दिवसांतून दोनदां टाकलेला चारा एवढेंच आहे, तेथें तो जिवंत असला तरी त्याचें जिणें हिरावून घेतलेलें असतें. दुःखाचा पुरावा मिळेपर्यंत थांबूं नये. जिण्याचा पुरावा मागावा.

येथें एक कसोटीचा प्रसंग येतो. ड्वार्फ एंजलांपैकीं कांहीं मासे प्रवाळाची मांसल कड टोचूं लागतात. कोणता टोचील व कोणता नाहीं, हें आधीं सांगतां येत नाहीं. एका सकाळीं शेकडों रुपयांचें प्रवाळ मिटून बसलेलें दिसतें, आणि कालपर्यंत घराचें भूषण असलेला मासा आज अपराधी ठरतो. परंतु त्यानें केलें तें काय? ज्यासाठीं त्याचें तोंड घडलें तेंच. समुद्रांत हजारों प्रवाळांतून एखादा घांस घेतला तर कोणाचें कांहीं जात नाहीं. आपण प्रवाळांचे पांच तुकडे समोर ठेवले, म्हणून तो घांस गुन्हा झाला. अशा वेळीं जो मालक चिडून मासा दुकानांत टाकून येतो, त्याचें प्रेम सजावटीवर होतें हें उघड होतें. माशासाठीं वेगळ्या हौदाची सोय करणें, किंवा आधींच प्रवाळांचा लोभ सोडणें, हें पाळणाऱ्याचें काम. पाळलेल्या जीवानें आपला स्वभाव दाखविला कीं आपण कसे वागतों, यावर आपण पालक आहों कीं मालक याचा निर्णय होतो.

शतपथ ब्राह्मणांत मनूची कथा आहे. हात धुण्याच्या पाण्यांत एक चिमुकला मासा त्याच्या हातीं आला, व मला वाढव, मी तुला तारीन, असें बोलला. लहान असतां मोठे मासे गिळतात, म्हणून प्रथम मला कुंभींत ठेव, तींत मावेनासा झालों कीं खड्डा खणून त्यांत ठेव, आणि त्यांतही मावेनासा झालों कीं समुद्रांत ने, असें त्यानें सांगितलें. प्रलयाचा भाग सर्वांच्या स्मरणांत राहतो. आम्हांस त्याआधींचा हा क्रम महत्त्वाचा वाटतो. मनूनें मासा पाळला तो त्याच्या दुबळेपणाच्या काळापुरता, आणि प्रत्येक पायरीस पात्र मोठें होत गेलें. आपल्या हौदांतला मासा नेमका उलट प्रवास करून आलेला असतो: समुद्रांतून जाळ्यांत, जाळ्यांतून पिशवींत, पिशवींतून कुंभींत.

हा प्रवास आतां उलटवितांही येत नाहीं. पाळलेला मासा कोठल्याही पाण्यांत सोडणें ही दया नव्हे. तो रोग घेऊन जातो, किंवा परक्या समुद्रांत उपद्रव माजवितो. हिंदी व पॅसिफिक महासागरांतला लायनफिश १९८५ सालीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तो बहुधा हौशी लोकांच्या हौदांतूनच तेथें पोहोंचला, आणि आज त्या बाजूच्या प्रवाळांवरील लहान माशांचा तो काळ झाला आहे.

तरी मनूच्या मार्गाचा एक दरवाजा उघडा आहे. ड्वार्फ एंजलांचीं पिल्लें इतकीं सूक्ष्म असतात कीं नेहमींचें खाद्य त्यांच्या तोंडांत मावत नाहीं. कोपेपॉड नांवाच्या जीवांचीं अतिसूक्ष्म पिल्लें त्यांना लागतात. या शतकाच्या आरंभीं हवाई बेटांवर हें कोडें सुटलें, आणि तेव्हांपासून बंदिस्त पाण्यांत जन्मलेले मासे थोडे थोडे मिळूं लागले. ते महाग असतात. परंतु असा मासा कोणाच्याही समुद्रांतून आणलेला नसतो. आपल्या हातांनींच तो जगांत आला, म्हणून त्याच्या सांभाळाचें ओझेंही सर्वस्वीं आपलें. प्रारंभीं सांगितलेल्या दुसऱ्या वर्गांतून तो पहिल्या वर्गांत, बैलाच्या पंक्तीस, येऊन बसतो. बैलाचा पूर्वजही कधींकाळीं रानांतूनच पकडला होता, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. आणि म्हणूनच बेंदराच्या दिवशीं आपण त्याच्या खांद्यास लोणी लावतों. ऋण फिटत नाहीं हें ज्यास ठाऊक आहे त्याच्याच हातून तें थोडेंबहुत फेडलें जातें.

तेव्हां सौंदर्यानें अधिकार मिळत नाहीं, सौंदर्यानें फक्त इच्छा उत्पन्न होते. मासा कोठून व कसा आला हें विचारून घ्यावें. त्याच्या शरीरास साजेल इतकें घर त्यास द्यावें. वीज जाईल त्या दुपारीं यंत्राची दुसरी सोय तयार ठेवावी. आणि शेजारच्या मुलांस दार उघडें ठेवावें. इतकें ज्यास जमेल त्यानें कुंभारींत खुशाल समुद्र नांदवावा. ज्यास जमत नसेल त्यानें तूर्त दोन-चार गोड्या पाण्यांतले मासे मोठ्या भांड्यांत नीट सांभाळावे, आणि ड्वार्फ एंजल दूरच्या प्रवाळांत चरत आहे एवढ्या ज्ञानावर समाधान मानावें. जें आपल्यापाशीं नाहीं, पण आहे, त्यानें आनंदित होणें हेंही मनुष्यास शिकावें लागतें.